गेमच्या खात्यात मुलाची जन्मतारीख खरी टाका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरा दिवसांत आपल्या जळगाव आवृत्तीत मुलांच्या मोबाइलबद्दल तीन पत्रं आली. तिन्ही कापून ठेवली आहेत. पण टीव्हीला जोडून खेळायच्या मशीनबद्दल, ज्याला पोरं कन्सोल म्हणतात, कुणी लिहिलेलं दिसलं नाही. नवं मशीन पन्नास हजारांच्या आसपास जातं, त्यामुळे ते घरोघर नाही. पण आमच्याच गल्लीत आता तीन आहेत. पालकांचा समज असा की मोबाइल वाईट, आणि हे मशीन समोर हॉलमध्ये, सगळ्यांच्या देखत, म्हणून बिनघोर. माझाही तोच समज होता. तो कसा मोडला ते सांगण्यासाठी हे पत्र. जरा लांबेल, पण काटछाट करताना मशीनच्या सेटिंगचा भाग तेवढा ठेवा ही विनंती.

मी भुसावळला मालगाडीवर लोको पायलट आहे. मूळ गाव अमळनेर तालुक्यात. घरी आई, पत्नी, बारावीतली मुलगी आणि सहावीतला मुलगा. पत्नी शिवणकाम करते. आमच्या नोकरीला घड्याळ नसतं. कॉल आला की डबा भरायचा आणि निघायचं. बडनेरा, मनमाड, खंडवा, जिकडे गाडी असेल तिकडे. तिथल्या रनिंग रूममध्ये विश्रांती झाली की परतीची गाडी. इंजिनात असताना मोबाइल बंद ठेवावा लागतो आणि ते बरोबरच आहे. म्हणजे घरात काय चाललंय ते मला आठ-आठ, दहा-दहा तास कळत नाही.

गेल्या भाऊबीजेला माझे शालक पुण्याहून आले आणि भाच्यासाठी प्लेस्टेशन ५ नावाचं कन्सोल घेऊन आले. मी तेव्हा खंडव्याला होतो. संध्याकाळी पानं वाढून झालेली, पोरगं मशीनपुढून उठेना, आणि मशीन म्हणतंय आधी खातं उघडा. खात्याला जन्मतारीख लागते. खरी तारीख टाकली की मशीन ओळखतं की हे लहान मूल आहे, आणि आधी मोठ्या माणसाचं खातं काढा, मग त्याखाली मुलाचं जोडा असं सांगतं. त्यात वेळ जातो. शालकांनी वर्ष २०१४ च्या जागी १९९८ टाकलं. दोन मिनिटांत काम झालं आणि सगळे जेवायला बसले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. मी घरी असतो तर मीही तेच केलं असतं, कारण ती तारीख कशासाठी विचारतात हे मलाही ठाऊक नव्हतं.

आता ठाऊक आहे. त्या मशीनमध्ये मुलांसाठी जेवढी कुलपं आहेत, ती सगळी त्या एका तारखेला टांगलेली आहेत. अनोळखी माणसाशी बोलता येऊ नये, मोठ्यांचे गेम उघडू नयेत, पैसे खर्च होऊ नयेत, रात्री अमुक वाजता बंद व्हावं, हे सगळं मुलाच्या खात्याला लावता येतं. आमच्या पोराला मशीन सत्तावीस वर्षांचा माणूस समजत होतं. त्याला कोण कशाला अडवील?

जानेवारीतली गोष्ट. बडनेऱ्याहून रिकामा रेक घेऊन आलो, साइन ऑफ करून घरी पोचायला पावणेतीन वाजले. थंडी अशी की मफलर सोडवेना. दाराच्या फटीतून निळा उजेड येत होता. मला वाटलं, टीव्ही चालू राहिला असेल. दार लोटलं तर आई आतल्या खोलीच्या उंबऱ्यात बसलेली. मला बघून हळूच म्हणाली, “पोऱ्या रातले कोनासंगे बोलस रे?”

पोरगा गोधडी पांघरून टीव्हीपुढे बसला होता. माझी चाहूल त्याला लागली नव्हती. टीव्हीतून बारीक आवाज येत होता, एका मोठ्या माणसाचा, हिंदीत. “तो पापा कल रात को भी नहीं रहेंगे?” आणि आमचं पोरगं, डोळे पडद्यावर, अगदी सहज सांगतंय, “नहीं भैया, कल भी ड्यूटी है. मम्मी तो दस बजे सो जाती है.”

मी टीव्हीचं बटण बंद केलं. काही बोललो नाही, बोलवलंच नाही. पहाटेपर्यंत जागा होतो.

तो माणूस कोण, कुठला, त्याच्या मनात काय होतं, हे मला आजही माहीत नाही. कदाचित वेळ घालवायला बोलणारा कुणी असेल. पण माझ्या घरात रात्री दोन बायका, एक तरुण मुलगी आणि एक लहान मुलगा असतो. मी कोणत्या रात्री नसतो हे अनोळखी माणसाला ठाऊक होतं, गावाचं नाव ठाऊक होतं, शाळेचंसुद्धा ठाऊक होतं. सकाळी मुलाला जवळ घेऊन विचारलं तेव्हा तो काही न लपवता सगळं बोलला. लपवण्यासारखं काही आहे हेच त्याला कळलेलं नव्हतं. फुटबॉलच्या गेममध्ये दोन महिन्यांपूर्वी ओळख झाली होती. “तो चांगला आहे पप्पा,” म्हणाला, “बाकीचे मला लहान म्हणून बॉल देत नाहीत, तो देतो.” हे वाक्य मी विसरू शकत नाही. ज्या वेळी मी शेगाव-मूर्तिजापूरच्या मध्ये कुठेतरी सिग्नलची वाट बघत उभा होतो, त्या वेळी माझ्या पोराला बॉल देणारा तो होता.

माइकबद्दल इथेच सांगतो, कारण त्या दिवशी मी पत्नीला रागाने विचारलं की त्याला हेडफोन कुणी घेऊन दिला, आणि हेडफोन तर घरात नव्हताच. प्लेस्टेशन ५ च्या हातातल्या कंट्रोलरमध्येच माइक बसवलेला असतो. मधोमध एक छोटं आडवं बटण आहे. ते दाबलं की नारिंगी दिवा लागतो. दिवा लागला म्हणजे माइक बंद. दिवा नसेल तर माइक चालू, म्हणजे तुमच्या हॉलमधलं बोलणं पलीकडे जाऊ शकतं. माझा आख्खा जन्म दिवे वाचण्यात गेला. तीन महिने तो कंट्रोलर रोज डोळ्यांसमोर असून त्या दिव्याचा अर्थ मी कधी विचारला नव्हता.

त्याच दिवशी मुलीने खात्यातला खर्चाचा हिशेब उघडून दाखवला. शालकांनी भाच्याला “चांगला गेम घे” म्हणून ४,००० रुपये भरून दिले होते. त्या पैशांतून गेम एकही घेतलेला नव्हता. सगळे पैसे फुटबॉलमधल्या खेळाडूंची पाकिटं फोडण्यात गेले होते. पाकिटात कोणता खेळाडू निघेल हे आधी कळत नाही. आवडीचा नाही निघाला की दुसरं पाकीट. जत्रेत चकती फिरवणाऱ्यापुढे आम्ही लहानपणी असेच उभे राहायचो, पण तिथे खिशातले आठ आणे संपले की घरी यावं लागायचं.

पहिल्या रागात मी मशीन कपड्यात गुंडाळून माळ्यावर टाकलं. चार दिवस शांततेत गेले. पाचव्या दिवशी कळलं की पोरगा शाळेतून परस्पर मित्राकडे जातो आणि तिथल्या मशीनवर खेळतो. मित्राच्या मशीनवरचं खातं मित्राच्या काकांच्या नावाचं, म्हणजे तिथेही तेच. आपल्या घरातून वस्तू गेली म्हणून मुलाच्या आयुष्यातून जात नाही, उलट आपल्या नजरेआड जाते. मी मशीन खाली काढलं आणि पुढच्या रेस्टच्या दिवशी चौघं मिळून त्याच्यापुढे बसलो. मुलाला मुद्दाम शेजारी घेतलं. त्याच्या पाठीमागे काही करायचं नाही, असं मी आणि पत्नीने ठरवलं होतं.

जे केलं ते तपशिलाने लिहितो, कारण हे मराठीत लिहिलेलं मला कुठे मिळालं नाही, आणि मशीनमधल्या सूचना मराठीत नाहीत.

आधी माझं स्वतःचं खातं काढलं, माझ्या खऱ्या जन्मतारखेने. त्यातून सेटिंग्जमध्ये ‘फॅमिली अँड पॅरेंटल कंट्रोल्स’ उघडलं, त्यात ‘फॅमिली मॅनेजमेंट’. तिथून मुलाचं नवं खातं जोडलं, या वेळी २०१४ टाकून. प्रत्येक खात्याला वेगळा ई-मेल लागतो, तो आधी तयार ठेवा, नाही तर इथेच अर्धा तास जातो. पत्नीचंही खातं काढून तिला पालक म्हणून अधिकार दिला. हे विसरू नका, त्याचं कारण पुढे येईल.

मग एकेक कुलूप. बोलणं आणि मेसेज बंद. गेमची वयोमर्यादा त्याच्या वयाची. महिन्याचा खर्च शून्य. मुलाच्या खात्याला तो मुळातच शून्य असतो, आपण वाढवला तरच वाढतो. खेळण्याचे तास वारानुसार वेगवेगळे लावता येतात, आणि किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत हेही. वेळ संपल्यावर काय व्हावं याचे दोन पर्याय आहेत: नुसती सूचना यावी, की खातं बंद होऊन बाहेर पडावं. आम्ही आधी नुसती सूचना ठेवली. आठ दिवसांत लक्षात आलं की सूचना येते आणि खेळ चालूच राहतो. मग दुसरा पर्याय घेतला. तिथेच टाइम झोनही बघून घ्या, तो भारताचा हवा. चुकला तर दिवसच भलत्या वेळी सुरू होतो.

मुलगा सगळं बघत होता. बोलणं बंद केल्यावर त्याने फक्त विचारलं, “शाळेतल्या मित्रांशी पण नाही?” मी म्हटलं, ज्याचं घर आपल्याला माहीत आहे त्याच्याशी बोलायचं असेल तेव्हा आपण मिळून बघू. एखाद्या गेमपुरती सूट देता येते, तशी सोय आहे.

पण खरी रडारड झाली ती नंतर. जुन्या खात्यावर त्याने तीन महिने खपून संघ बांधला होता. खेळाची साठवलेली प्रगती ज्या खात्यावर असते त्याच खात्यावर राहते, दुसऱ्यावर नेता येत नाही. जुन्या खात्यावर घेतलेले गेम त्याच मशीनवर नव्या खात्यातून चालतात, ते चालले. पण संघ गेला, बक्षिसं गेली, सगळं पहिल्यापासून. पोरगा भिंतीकडे तोंड करून ढसाढसा रडला. दोन खेळाडूंची नावं घेऊन रडला. एका खोट्या आकड्याची किंमत शेवटी त्याने भरली, आणि तो आकडा त्याने टाकलेलाच नव्हता. म्हणून म्हणतो, पहिल्या दिवशी वीस मिनिटं जास्त लागली तरी चालतील, जेवण थंड झालं तरी चालेल, पण तारीख खरी टाका. तीन महिन्यांनी दुरुस्त करायला गेलं की मुलाला वाटतं शिक्षा झाली.

एवढं करूनही एक दार उघडंच होतं. तिसऱ्या दिवशी शनिवारी त्याचा मित्र आला आणि रात्री नऊनंतरही दोघं खेळताना दिसले. मित्राने ‘गेस्ट’ म्हणून प्रवेश केला होता. मुलाच्या खात्याला कुलूप, पण मशीन नवा पाहुणा घ्यायला मोकळं. त्यासाठी ‘कन्सोल रिस्ट्रिक्शन्स’ म्हणून वेगळी जागा आहे. तिथे नवं खातं काढणं आणि पाहुण्याचा प्रवेश बंद करता येतो. तिथला पासकोड कंपनीकडून चार शून्यं असा येतो, तो लगेच बदला, कारण चार शून्यं पोरांना आपल्या आधी माहीत असतात. आणि मोठ्यांच्या खात्यांना स्वतःचा आकडी पासकोड लावा. ते केलं नाही तर मुलाने बापाच्या खात्यावर बोट ठेवलं की संपलं, सगळी मेहनत वाया.

दुसरं दार गेमच्या आतलं. काही मोठे ऑनलाइन गेम स्वतःचं वेगळं खातं मागतात, आणि त्यांचं बोलण्याचं दालनही स्वतःचं असतं. मशीनवर बंद केलं म्हणून तिथे बंद झालं असं धरून चालू नका. त्या गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन पालकांचं नियंत्रण वेगळं लावा. हे दार किती महत्त्वाचं आहे त्याचा दाखला द्यायचा तर, फोर्टनाइट हा ऑनलाइन गेम काढणाऱ्या कंपनीला अमेरिकेत २०२२ मध्ये तिथल्या ग्राहक-हित बघणाऱ्या सरकारी आयोगाशी तडजोड करून ५२ कोटी डॉलर द्यायचं कबूल करावं लागलं. मुलांसाठी बोलणं आणि मेसेज मुळातच चालू ठेवले होते, हा त्यातला एक मुख्य आक्षेप होता. यूट्यूबचंही तसंच, त्याचं खातं निराळं आणि नियंत्रणही निराळं.

डिस्कच्या डबीवरच्या आकड्यांबद्दल दोन ओळी. ३, ७, १२, १६, १८ असे आकडे असतात. ती युरोपातली ‘पेगी’ पद्धत, २००३ पासूनची. आपल्याकडे येणाऱ्या बऱ्याच डिस्कवर तीच असते. आकडा मजकुराचा आहे, अवघडपणाचा नाही. १८ म्हणजे हुशार पोरांचा गेम असं समजून घेऊन देणारे पालक मला दुकानात भेटले आहेत. ज्या दुकानात मी चौकशीला गेलो होतो तिथल्या काउंटरवरच्या मुलाने एका गृहस्थांना १८ आकड्याची डिस्क त्यांच्या नऊ-दहा वर्षांच्या पोराच्या हातात दिली आणि बिल फाडलं. दुकानाचं नाव घेत नाही. पण मशीन विकताना पाच मिनिटं काढून “मुलाचं खातं कसं उघडायचं” एवढं सांगणं दुकानदाराला जड नाही. आम्ही फवारणी पंप घ्यायला जातो तेव्हा कृषी केंद्रवाला नोझल जोडून दाखवतोच की.

आता वेळेबद्दल. आम्ही शाळेच्या दिवसांत संध्याकाळी सहा ते सात, शनिवार-रविवारी दोन तास, आणि नऊनंतर काही झालं तरी नाही, असं ठरवलं. फेब्रुवारी-मार्च नीट गेला. पण उन्हाळ्यात हे कोलमडलं, आणि त्याचं कारण मुलगा नव्हता. आपल्या भुसावळ-जळगावचं ऊन तुम्हाला सांगायला नको. पारा ४५ च्या वर गेला की सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. अशा वेळी मुलाला “बाहेर खेळ” सांगणं म्हणजे त्याला आजारी पाडणं. आणि आमचे सहा ते सात हे तास नेमके असे, की तेवढ्याच वेळात ग्राउंडवर जाता येतं. म्हणजे ऊन असताना तो घरात कंटाळून बसायचा आणि ऊन उतरल्यावर आत खेळायचा. पत्नीच्या ते आधी लक्षात आलं. मग आम्ही सुट्टीपुरते तास बदलले: दुपारी एक ते तीन मशीन, संध्याकाळी काही नाही. साडेसहाला तो बॅट घेऊन रेल्वे ग्राउंडवर, दिवेलागणीला घरी. मे महिन्यात मी त्याला पहिल्यांदा घामाने निथळत घरात शिरताना पाहिलं आणि फार बरं वाटलं. पुण्या-मुंबईकडच्या सल्ल्यात ‘संध्याकाळी एक तास’ असतं. खान्देशात दुपारचा एक तास जास्त शहाणपणाचा आहे, हे आपल्याला आपणच ठरवायचं आहे.

वेळ संपली की मुलगा जास्तीची वेळ मागू शकतो. ती मागणी पालकाच्या फोनवर येते. प्लेस्टेशनचं त्यासाठी २०२५ मध्ये वेगळं ॲप आलं आहे. मंजूर किंवा नामंजूर तिथूनच करता येतं. खातं बंद होण्याचा पर्याय घेतल्यावर पहिल्या आठवड्यात हे ॲप एकट्या माझ्याच फोनवर होतं. बडनेऱ्याला गाडी सोडून फोन चालू केला तर मुलाच्या मागण्यांची रांग लागलेली. पहिली संध्याकाळी सातची, शेवटची पावणेआठची. मी बघितल्या तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. पोराने पाऊण तास फोनकडे बघत बापाच्या उत्तराची वाट पाहिली होती. नाही म्हणायचं असतं तरी चाललं असतं, पण उत्तरच नाही हे वाईट. तेव्हापासून पत्नीच्या फोनवर ॲप आहे आणि निर्णय ती घेते. जो घरात आहे त्याच्या हातात किल्ली पाहिजे. रेल्वेतले, एसटीतले, पोलिसातले, फॅक्टरीत रात्रपाळी करणारे, अशा सगळ्या बापांना हे मुद्दाम सांगतो.

पत्नीला इंग्रजी सेटिंगची धास्ती होती. मी आणि मुलीने मिळून कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या कोऱ्या बाजूवर सगळं मराठीत लिहिलं: कुठलं चित्र दाबायचं, मग कुठलं, मागणी आली तर मंजूर कुठे करायची, नको असेल तर काय. तो कागद शिवणयंत्राच्या वर भिंतीला चिकटवला आहे. आता मला विचारावं लागत नाही. उलट तीच शेजारच्या दोघींना शिकवून आली. एकीकडे एक्सबॉक्स, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं मशीन, होतं. तिथेही तत्त्व तेच: मायक्रोसॉफ्टचा फॅमिली ग्रुप करायचा, मुलाचं खातं त्यात घ्यायचं, फोनवर त्यांचं ॲप. निन्टेन्डो कंपनीचं मशीन असेल तर त्यांचंही पालकांसाठी ॲप आहे, पण त्यात वेळ संपल्यावर खेळ थांबवण्याचा पर्याय आपण स्वतः चालू करावा लागतो, नाही तर फक्त इशारा येतो.

ओळखीतले काही जण म्हणतात, सरकारने गेम बंद केलेच आहेत, कशाला एवढा खटाटोप? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने जो कायदा केला तो पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालतो. घरातलं कन्सोल त्यात येत नाही. लोकांच्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा मात्र २०२३ चा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हायची आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घेताना कंपनीने पालकाची पडताळता येईल अशी संमती घ्यावी, असं त्यात आहे. चांगलं आहे. पण आपणच २०१४ च्या जागी १९९८ टाकलं, तर कंपनी संमती कुणाची आणि कशासाठी मागेल? कायद्याने दिलेलं दार आपण आपल्या हाताने लावून घेतो.

माझी आपल्याला विनंती आहे. आपल्या दैनिकात एक पान, चित्रांसकट, साध्या मराठीत, मुलाचं खातं कसं उघडायचं यावर छापावं. तिन्ही मशीनचं. कापून भिंतीला लावता येईल असं. शाळांनी पालकसभेत गणवेश आणि फीबरोबर हा विषयही घ्यावा. आमच्या मुलाच्या वर्गशिक्षिकांशी मी बोललो, त्यांनी पुढच्या सभेत दहा मिनिटं देऊ केली आहेत, मी कंट्रोलर घेऊन जाणार आहे. आणि कुणाच्या मुलाशी अनोळखी माणूस घरची माहिती काढत बोलत असेल तर मुलावर ओरडू नका. त्या माणसाला ब्लॉक करा, मशीनवरूनच तक्रार करा, आणि प्रकरण वेगळं वाटलं तर मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन आहे. पैशाची फसवणूक असेल तर १९३०.

हे पान दिवाळीच्या आधी छापून आलं तर बरं. भाऊबीजेला आणखी मामा पुण्याहून येतील.

मुलगा लहान आहे आणि गावात सगळे ओळखतात, म्हणून नाव न छापता पत्र प्रसिद्ध करावं.

आपला,
एक लोको पायलट,
भुसावळ

ता. क. : जुनं मशीन विकत घेणाऱ्यांसाठी एक राहिलं. आधीच्या मालकाचं खातं आणि त्याचा पासकोड तसाच असेल तर ही सेटिंग बदलताना अडचण येते. पैसे देण्याआधी त्याच्या समोर मशीन पूर्ण पुसून, कोरं करून घ्या, आणि मग घरी आणून पहिलं खातं स्वतःचं, दुसरं मुलाचं. आमच्या गल्लीतल्या तिसऱ्या मशीनचं तेच झालं होतं. ते मागच्या रविवारी माझ्या मुलीने जाऊन कोरं करून दिलं, आणि मुलाची जन्मतारीख त्याच्या आईने आधारकार्ड बघून टाकली.